शाहूपुरीत बसून मद्रासची शर्यत

मोटारसायकलच्या शर्यतींचा हंगाम मद्रासला सुरू व्हायचा, आणि त्या रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला दस्तगीर मामू शाहूपुरीत आपल्या दुकानासमोर लाकडी घोड्यावर चढून बसायचे. घोडा म्हणजे गाडीची सीट ज्याच्यावर ठेवून शिवतात ते चार पायांचं उंच लाकूड. त्यावर एक जुनी सीट, सीटवर पांढऱ्या दाढीचे मामू, आणि दोन्ही मुठी पुढं हवेत. तिकडं मद्रासला आमच्या गल्लीतला सुभाष गाडीला किक मारणार, म्हणून इकडं मामू घोड्यावर. निकाल कळेपर्यंत खाली उतरायचं नाही. चहा वर, पाणी वर, आणि गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी भांडणही वरूनच.

बरं, हा माणूस जन्मात कधी चालत्या मोटारसायकलवर बसलेला नाही. निम्म्या कोल्हापूरच्या सीटा त्यांनी शिवल्या, पण स्वतः जाणार ते पायी. कुणी म्हटलं, "मामू, बसा की मागं, सोडतो," तर म्हणायचे, "घाई तुला हाय, तू जा. माझी कुठं कोण वाट बघतंय?"

मी त्यांची भिंतीला भिंत लावून शेजारीण. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक कॉल जोडायची. मद्रासचा निकाल गावात सगळ्यांच्या आधी माझ्या कानात यायचा. त्यामुळं त्या एका दिवशी मला गल्लीत भलताच मान. एरवी कुत्रं विचारत नव्हतं.

एकदा मी चिडून विचारलंच. "मामू, तुम्ही इथं बसून तिकडं काय होतंय हो?"

"म्हंजे? त्येला एकट्याला सोडायचं व्हय तिथं? सगळा परका मुलूख. 'सुभ्या' म्हणून हाक मारणारं बी कोण न्हाय."

असं म्हणून त्यांनी उजवीकडं असं अंग टाकलं, की समोरच्या हॉटेलातला भाऊराव त्यांना झेलायला धावला. तिकडं वळण आलं होतं म्हणे.

सुभाष पहिल्या वर्षी पाचवा आला. मग सातवा. मग नववा. भाऊरावाला तेवढंच हवं असायचं. भज्यांचा झारा हातात घेऊन तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, "मामू, तुमचं पोरगं दरसाल मागं मागंच चाललंय की वो!"

"पाठ लागली का?" मामूंचं उत्तर ठरलेलं.

"आता यात पाठ कुठनं आली?"

"कुस्ती बघतोस न्हवं? पाठ मातीला लागल्याबिगर पैलवान हरतो का? सुभ्या गाडीवरनं पडला न्हाय. पाठ लागली न्हाय. मग हरला म्हणायचं न्हाय. आन ही तर पहिली शर्यत. पहिली म्हंजे नुसती सलामी. सलामीला कोण हरतंय व्हय, येड्या?"

कुस्तीचा कायदा काढला की आमच्या गावात वकीलसुद्धा गप्प बसतो.

नुसतं बोलून थांबले असते तर ते मामू कसले? जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधून वाजतगाजत आणतात, तसे मामू हलगीवाला घेऊन स्टेशनवर जायचे आणि नवव्या नंबराच्या डोक्याला फेटा बांधायचे. सुभाष लाजून अर्धा व्हायचा. एकदा मिरजेच्या एका प्रवाशानं विचारलं, "पावणं, कोण जिंकलं?" मामू म्हणाले, "आमी." "कितवा नंबर?" "नंबर घराला असतोय. माणसाला नाव असतंय. सुभाष म्हणा." तो बिचारा सामान उचलून चालता झाला.

चौथ्या वर्षी मात्र दुपारी एकच्या सुमाराला मद्रासची लाइन लागली ती मी अजून विसरले नाही. सुभाषबरोबर गेलेला मेकॅनिक पलीकडून रडवेला होऊन ओरडत होता. "अक्का, तिसरा होता वो! शेवटच्या फेरीत वळणाला घसरला. उताणा पडला. खांद्याचं हाड मोडलंय. जिवाला काय न्हाय, पर हाड मोडलंय!"

ड्यूटी संपवून मी तडक मामूंच्या दुकानाकडं गेले. मामू अजून घोड्यावरच होते.

"पडला, मामू. जिवाला धोका नाही. पण उताणा पडला."

"कुठल्या फेरीत?"

"शेवटच्या."

मामू हळूच खाली उतरले, सीट आत ठेवली आणि भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. मला वाटलं, माणूस रागावला असेल.

हॉटेलात मात्र नुसता कल्ला. भाऊराव बाकावर उभा राहून सांगत होता, "आता लागली का न्हाय पाठ? मामूंच्याच कायद्यानं हारलं! घ्या, अजून बांधा फेटं!" आदल्या दिवशी 'आमचा सुभाष, आमचा सुभाष' करणारी तीच तोंडं फिदीफिदी हसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा अर्धा टाकून मी उठले, आणि भाऊरावाला त्याच्या चहाबद्दल आणि अकलेबद्दल काय ते सुनावून आले.

सोमवारी खुद्द सुभाषचा फोन आला. "अक्का, उद्या दुपारच्या गाडीनं येतोय. कुणाला सांगू नगा, तुमच्या पाया पडतो. गाडी विकणार मी. बास झालं."

मी शब्द दिला. दिला आणि तासाभरात मामूंना जाऊन सांगितलं. माझ्या पोटात काय राहतंय?

मंगळवारी मामू निघाले. काखेत फेटा, मागं हलगीवाला, त्याच्या मागं मी. स्टेशनला जायला मागची गल्ली जवळची, पण मामू मुद्दाम हॉटेलासमोरून गेले.

"मामू, हारलेल्याला फेटा?" भाऊराव ओरडला.

मामू थांबले. "व्हय, हारला. पाठ लागली. तू सांगतोस, गाव सांगतंय, आता मी बी सांगतो. मग काय त्येनं माघारी येऊच न्हाय? फेटा माझा, डोकं त्येचं, तुला रं काय तरास? वाजव रं!"

हलगी अशी कडाडली, की भाऊरावाचं पुढचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही.

सुभाष शेवटच्या डब्यातून उतरत होता. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. हलगी कानावर आली तसा तो पुन्हा डब्यात शिरला. मामू त्याच्या मागोमाग आत घुसले आणि चांगल्या हाताला धरून त्याला ओढत बाहेर घेऊन आले. खाली बाकावर बसवून फेटा बांधायला लागले.

"मामू, कशाला लाज काढताय? पडलो मी. गाडी विकणार हाय."

मामूंनी हात वर करून हलगी थांबवली.

"तू पडला न्हाईस. मी पाडलं तुला. मी घोड्यावरनं उतारलो."

"मी आले तेव्हा तर तुम्ही वरच होता की!" मी म्हणाले.

"गारगोटीचं एक पोरगं आलतं, कुवेतहनं. रियाजनं त्येच्याजवळ चिठ्ठी दिलती. त्येची एस्टी सुटत हुती, थांबंना. मी वरनंच हात लांब केला, पोचंना. म्हणलं, एकदाच उतरू. उतारलो, लगीच परत चढलो, पर तवर तिकडं तू..." मामू फेट्याचा पीळ उगाच घट्ट करायला लागले. "तीन साल सांभाळला तुला. एका चिठ्ठीपायी सोडला."

रियाज हा मामूंचा एकुलता एक मुलगा. मामी गेल्या आणि वर्षभरात तो कुवेतला गेला. मामूंना वाचता येत नाही, म्हणून त्याची पत्रं मीच वाचून दाखवायची. तशी मिळून दोनच आली होती, आणि दुसऱ्यालाही दीड वर्ष होऊन गेलं होतं.

मामूंनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. ते चिकटवलेलं तसंच होतं.

"दोन दिवस झाले, फोडलं न्हाय?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"कुठल्या तोंडानं फोडू? ह्या पोराचं हाड मोडून मिळाल्याली चिठ्ठी हाय ही." ते सुभाषकडं वळले. "तू फुडल्या शर्यतीला उभारणार म्हण, मग फोडतो. न्हायतर चुलीत घालतो."

घातली असती हो! या माणसाचा भरवसा नाही.

"असं कुठं असतंय व्हय, मामू?" सुभाष हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमी हितं उतारला म्हणून मी तिथं पडतोय व्हय?"

"मला शिकवू नगंस. उभारणार का न्हाय, ते बोल."

सुभाषनं चांगल्या हातानं डोळे पुसले. मामूंच्या हातातल्या त्या पाकिटाकडं पाहिलं.

"उभारतो. हाड जुळू द्या, उभारतो. आता फोडा."

मामूंनी पाकीट माझ्या हातात दिलं. "वाच, शालन. मोठ्यानं."

मी वाचलं. मी बरा आहे. काम ठीक चाललंय. यंदाही सुट्टी मिळत नाही, ईदला येणं जमणार नाही. तब्येतीला जपा. झालं. खाली सगळा कागद कोरा.

"अजून?" मामू पुढं वाकून बघत होते. त्यांना त्या कागदातलं एक अक्षर कळत नव्हतं.

मला राहवलं नाही. शेवटच्या ओळीवरच पुन्हा बोट फिरवत मी मनानंच वाचलं, "अब्बा, तुमची फार आठवण येते. रोज येते."

मामूंनी त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाले, "शालन, ही वळ त्येनं लिवल्याली न्हाय. त्यो असलं लिवणारा न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कागदाची घडी घालायला लागले, तर मामूंनी माझा हात धरला.

"असू दे. तेवढीच परत वाच."