सोनकुसरे साहेबांची सही

कोणाच्याही घरी गेले की सोनकुसरे साहेब बसत नाहीत, पाणी घेत नाहीत. आधी बाथरूम कुठे आहे ते विचारतात. गरज असते म्हणून नाही. आत जाऊन ते मागच्या भिंतीवर तळहात टेकवतात, बोटांच्या पेरांनी ठोकतात, वाकून वास घेतात आणि बाहेर येऊन त्या घराचं आयुष्य किती उरलं ते सांगतात. हे त्यांनी बारशाला केलं आहे, लग्नघरी केलं आहे, आणि एकदा सख्ख्या भाचीसाठी मुलगा पाहायला गेले असताना केलं आहे. मुलाचे वडील पोह्यांची बशी पुढे करत होते. साहेब म्हणाले, "पोहे राहू द्या. स्लॅबात पाणी मुरून राहिलं तुमच्या. पंधरा वर्षं निघतीन, त्याच्यावर नाही." ते लग्न जमलं नाही. बहीण दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती.

साहेबांचा धंदा मूल्यांकनाचा. घर तारण ठेवून कोणी कर्ज मागितलं की त्या घराची खरी किंमत बँकेला किंवा पतसंस्थेला तिऱ्हाइताने सांगावी लागते. ते सांगणारा तो मूल्यांकनकार. घर मोजायचं, बांधकाम तपासायचं, कागद पाहायचे, आसपासचे भाव काढायचे आणि अहवालावर सही करायची. सक्करदऱ्याला औषधांच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथे मी पाच वर्षं काम केलं. त्यातली निदान साडेचार वर्षं मी त्यांच्यावर चिडलेली होते. आजही आहे, आणि हे चिडूनच लिहिते आहे.

मी सिव्हिल इंजिनियर. मुलं लहान असताना चौदा वर्षं घरी होते. नवऱ्याची हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्यांची नोकरी, त्यामुळे कोणीतरी एकाने घड्याळाप्रमाणे राहणं भाग होतं. मुलं मोठी झाली तेव्हा मी यादी केली: काय येतं, काय विसरलं, कोण घेईल. तिसऱ्या रकान्यातल्या सगळ्यांनी "एवढा गॅप" म्हणून परत पाठवलं. उरले सोनकुसरे. त्यांनी माझे कागद उघडलेच नाहीत. मे महिन्याच्या उन्हात हुडकेश्वरच्या एका अर्धवट बंगल्याच्या गच्चीवर चढवलं आणि खाली आल्यावर विचारलं, "पायऱ्या किती?" मी सवयीने मोजल्या होत्या. म्हणाले, "उद्यापासून ये."

त्यांचं एक वाक्य आहे: "टेप लावला काय?" हे ते कामापुरतं ठेवत नाहीत. माझा मुलगा माझ्याहून उंच झाला, मी सांगितलं. "टेप लावला काय?" खालचे औषधवाले म्हणाले, सभेला मैदान भरून माणसं होती. "टेप लावला काय?" डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तुमचं हृदय थोडं मोठं झालं आहे. त्या डॉक्टरांनाही त्यांनी हेच विचारलं, आणि डॉक्टर बिचारे खरंच फिल्म उजेडाला धरून पट्टीने दाखवत बसले.

चिडण्याची कारणं मी वेळोवेळी लिहून ठेवली आहेत. डबा खाताना अहवाल वाचून दाखवायला लावतात. मी मोजलेली खोली पुन्हा स्वतः मोजतात आणि आकडा जुळला की जास्तच नाराज होतात. आणि बँकांशी भांडतात. माझ्या डोळ्यांदेखत तीन बँका गेल्या. एका मॅनेजरने प्लास्टिकच्या कपात चहा दिला म्हणून, दुसऱ्याने बसायला सांगितलं नाही म्हणून, तिसऱ्याने अहवाल मोबाइलवर मागवला म्हणून. प्रत्येक वेळी साहेब ताडकन उठले आणि "मले नाही परवडत तुमचं काम" म्हणून बाहेर. पुढे फक्त पतसंस्था राहिल्या. ऑफिसचा पंखा बदलायला झाला होता, आणि यांना कप आवडला नाही.

माझ्याआधी प्रवीण बोरकर नावाचा एक मुलगा त्यांच्याकडे होता. त्याची हकिकत साहेबांनी मला महिन्यातून एकदा या हिशेबाने ऐकवली. बोरकरने सावनेरच्या एका घराचा अहवाल जागेवर न जाता ऑफिसात बसून लिहिला. जुने कागद आणि नकाशा पाहून. बांधकाम उत्तम, उर्वरित आयुष्य चाळीस वर्षं. साहेबांना शंका आली. त्यांनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि सावनेरला नेलं. तिथे घर नव्हतंच. मालकाने दिवाळीत पाडलं होतं. नुसतं जोतं, आणि जोत्यावर एक बकरी. साहेब म्हणाले, "विचार तिले, चाळीस वर्षं राहते काय." त्याला तिथेच कामावरून काढलं आणि एसटीने परत पाठवलं. आज त्या बोरकरचं धरमपेठेत मोठं ऑफिस आहे, आणि साहेब त्या रस्त्याने जायचे नाहीत.

आता मुद्द्यावर येते. पूर्वी या कामात बँक ज्याला ओळखते तो मूल्यांकनकार, असं चालायचं. मग नियम आले. नोंदणी लागते. नोंदणीसाठी पदवी हवी, पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव हवा, पन्नास तासांचा अभ्यासक्रम हवा, परीक्षा हवी, आणि परीक्षा पास झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायला हवा. नाही केला तर परीक्षा पुन्हा. मी अभ्यासक्रम केला. परीक्षा पहिल्या वेळी हुकली, कारण चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात आणि मी एकही प्रश्न सोडला नव्हता. दुसऱ्या वेळी पास झाले. या मे महिन्यात माझी पाच वर्षं भरली. परीक्षेची मुदत जूनअखेर संपत होती. मधे आठ आठवडे. सगळे कागद फाइलमध्ये क्रमाने लावलेले, फक्त एक नव्हता: अनुभवाचा दाखला. तो साहेबांनी द्यायचा.

मी मजकूर टाइप करून समोर ठेवला. साहेबांनी चष्मा लावला, वाचला, आणि विचारलं, "पाच वर्षं झाले? टेप लावला काय?"

मला हसू आलं होतं, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना यादी दिली. पाच वर्षांत मी मोजलेलं प्रत्येक घर, तारीख, पत्ता, क्षेत्रफळ. अकरा पानं. यादीच्या बाबतीत मला कोणी आव्हान देऊ नये. साहेबांनी लाल पेन काढलं आणि चार दिवस ती पानं वाचत बसले. काही ओळींवर काट. हे घर अर्धंच मोजलं होतं. इथे माप घेताना पाऊस होता. इथे बाथरूम पाहिलं नाही. मी म्हटलं, साहेब, तिथे त्यांची सून आंघोळ करत होती. म्हणाले, "थांबाचं होतं." मग यादी घडी करून खिशात टाकली आणि ऑफिसातून गेले. सही नाही.

असे तीन आठवडे. मी रोज विचारायचे, ते रोज टाळायचे. कधी उन्हाचं कारण, कधी पतसंस्थेचं. दुपारी तर गायबच व्हायचे, चार-चार तास. फोन उचलायचे नाहीत. नवरा म्हणाला, एवढं कशाला झुरतेस, आमच्या कारखान्याचं बांधकाम करणारा ठेकेदार आहे, तो असा दाखला एका दिवसात मिळवून देतो, त्याच्याकडे सहीशिक्क्याचे छापलेलेच असतात. मी दोन दिवस त्याचा नंबर घेऊन बसले. फोन केला नाही. हा माझा चांगुलपणा नाही. पाच वर्षं मी उन्हात गच्च्या चढले होते, आणि ते मला छापील कागदावर नको होतं.

जून सुरू झाला त्या दिवशी माझा तोल गेला. साहेब दुपारी अडीचला आले, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि माठाकडे गेले. मी म्हटलं, मला सरळ सांगा, सही देणार की नाही. ते पाणी पीत राहिले. मग मी नको ते बोलले. म्हटलं, मला नोंदणी मिळाली तर मी जाईन, मग तुमच्या हाताखाली राबायला कोणी राहणार नाही, म्हणून तुम्ही अडवून धरलं आहे. म्हटलं, बोरकर निदान सुटला तरी.

साहेबांनी पेला उपडा ठेवला. म्हणाले, "बरं मॅडम." मला मॅडम ते फक्त रागात म्हणतात. पण आवाज रागाचा नव्हता. स्कूटरची किल्ली घेतली आणि आले तसे परत गेले.

त्यानंतर आठवडाभर मी ऑफिसला गेले नाही. परीक्षा पुन्हा द्यायची ठरवून पुस्तकं काढली. आठव्या दिवशी फोन आला. बोरकर. दाखला तयार आहे, घेऊन जा, म्हणाले. मला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

धरमपेठेतलं त्यांचं ऑफिस थंडगार होतं. बोरकरांचं नाक आणि कान मात्र उन्हाने सोलवटलेले. त्यांनी दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या: त्यांच्या सहीशिक्क्याचा दाखला, आणि माझी अकरा पानांची यादी, लाल खुणांची.

"साहेबांनी का नाही दिला?" मी विचारलं.

बोरकर म्हणाले, "ताई, त्यांची सही चालत नाही. तुम्हाला माहीत नाही? दाखला नोंदणीवाल्यानेच द्यावा लागतो, आणि साहेबांची नोंदणी होत नाही. ते डिप्लोमावाले. घरी हातमाग, पाच भावंडं. पॉलिटेक्निक झालं तेच खूप. नियमात पदवीच पाहिजे. बँका नोंदणीचा नंबर मागायला लागल्या, तसे ते एकेका बँकेतून उठून आले."

पाच वर्षं मी प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली होती. बँका कोणत्या कारणाने तुटल्या, तेसुद्धा. कप, खुर्ची, मोबाइल. मी ते खरं मानून लिहिलं होतं. त्यांची नोंदणी असेलच हे धरून चालले होते, विचारलं कधीच नव्हतं.

बोरकर सांगत राहिले. साहेब मेमध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा बोरकरांनी त्यांना मुद्दाम तासभर बाहेर बसवलं. साहेब बसले. आत आल्यावर म्हणाले, "तुले काढलं ते बरोबरच काढलं. ते काही मी वापस घेत नाही. पण एका पोरीचं काम आहे." बोरकरांना हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. ते म्हणाले, द्या कागद, सही करतो. तर साहेब तिथेच भडकले. "न पाहता सही करून राहिला? काहून काढलं होतं तुले, ध्यानात नाही राहिलं काय?"

मग त्यांनी यादी काढली. यातली कोणतीही दहा घरं निवड, म्हणाले. काट मारलेली सोडून. जागेवर जाऊन टेप लाव. हिचं माप जुळलं तर सही कर, नाही जुळलं तर नको करू.

"तीन आठवडे फिरलो ताई आम्ही," बोरकर म्हणाले. "हुडकेश्वर, सावनेर, उमरेड. भरदुपारी, त्यांच्या स्कूटरवर. माझी गाडी नको म्हणाले, एसीत बसून घर समजत नाही. इतकं तर मी स्वतःच्या कामासाठी मोजलं नाही इतक्या वर्षांत. दहाच्या दहा जुळली. एकात दोन इंचांचा फरक आला, तर मालकाला उठवून कपाट सरकवायला लावलं. कपाटाच्या मागे निघाले दोन इंच."

मी दाखला वाचला. प्रत्यक्ष पडताळणी करून, असं लिहिलं होतं. शब्द बोरकरांचे नव्हते, हे लगेच कळत होतं.

"शेवटच्या घरी त्या बाईने विचारलं, हे काका कोण," बोरकर म्हणाले. "मी सांगणार होतो की माझे गुरू. त्याच्या आधीच साहेब बोलले, मी मॅडमचा माणूस आहे, टेप धरायले आलो."

मी तिथून थेट सक्करदऱ्याला गेले. साहेब टेबलाशी होते. वर पाहिलं नाही. म्हणाले, हुडकेश्वरचं एक काम आठ दिवसांपासून पडलं आहे, लोकांना काय सुट्ट्याच सुट्ट्या. मी वाटेत क्षमा मागायचं ठरवलं होतं, पण ते तोंड पाहून इतका संताप आला की मी न बोलता कॉम्प्युटर लावला. सांगता येत नव्हतं? एक वाक्य लागलं असतं. तीन आठवडे मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं.

अर्ज भरत गेले. सगळे रकाने झाले. एक राहिला: अनुभव कोणाकडे घेतला, नाव आणि नोंदणी क्रमांक. मी टाइप केलं, व्ही. एन. सोनकुसरे. क्रमांकाची जागा रिकामी होती. मी त्यांना विचारलं, इथे काय लिहू.

ते उठून माझ्या मागे आले. पडद्यावर स्वतःचं नाव वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"माझं नको लिहू वं," ते म्हणाले. "डिप्लोमावाला पाहिला की वापस येते. प्रवीणचं टाक."

"काम तुमच्याकडे केलं मी."

"ते तुले माहीत आहे. मले माहीत आहे. त्याहिले काय करायचं आहे?" मग भिंतीकडे पाहत, "अन् पत्ता घरचा टाकजो. तुझं ऑफिस तू पाहजो कुठे करायचं ते. इथं आता काही राहिलं नाही."

किल्ली घेऊन ते जिना उतरले.

मी त्यांचं नाव पुसलं आणि बोरकरांचं टाकलं. पत्त्याच्या रकान्यात सक्करदऱ्याच्या ऑफिसचा पत्ता लिहिला आणि अर्ज पाठवला. त्याची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे. सात पानं. त्यात सोनकुसरे हे नाव कुठेही नाही.

खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला होता, पण गेल्याचा आला नाही. पाच-सात मिनिटं ती औषधांच्या दुकानापुढे एका जागी घरघरत होती. मी टेप पर्समध्ये टाकला, कुलूप लावलं आणि खाली जाऊन मागे बसले.

"काहून एवढा वेळ लागला?" साहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता हुडकेश्वरकडे वळले.