बहुमताची मण्यार

उल्काच्या दारासमोर साप निघाला, आणि सोसायटीचा अध्यक्ष महांतेश घाबरण्याआधी खूश झाला. बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीतल्या त्या नव्या बिल्डिंगच्या पॅसेजमधून उल्काच्या कुंड्या हलवायला तो वर्षभर निमित्त शोधत होता. आज निमित्त आपणहून सरपटत आलं होतं.

"मण्यार हाय ही, अक्का. तुमच्या कुंड्यांतनंच आली. संध्याकाळी टेम्पो बोलावतो, सगळ्या उचलू."

"कवड्या आहे," उल्का म्हणाली. तिनं तोवर कपड्यांचा टब सापावर पालथाही घातला होता. पुण्यात असताना तिनं सापांची शिबिरं केली होती. "पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे मानेच्या बरेच खाली सुरू होऊन शेपटीपर्यंत ठसठशीत असतात. हा बिनविषारी आहे बिचारा."

"असं करू. कवड्या असंल तर कुंड्या ऱ्हाऊ देत. मण्यार असंल तर टेम्पो."

या बिल्डिंगीत लिफ्टच्या रंगापासून गणपतीच्या प्रसादापर्यंत सगळं ग्रुपवर मत घेऊन ठरायचं. महांतेशनं टब पडण्याआधी जिन्यावरून काढलेला एक हललेला फोटो टाकला, खाली दोन पर्याय दिले.

"सापाची जात मतांवर नाही ठरत हो."

"सगळंच ठरतंय की, अक्का."

निकाल लागला. सगळी बिल्डिंग मण्यारीच्या बाजूनं, कवड्याला फक्त उल्काचं मत. तिनं मोबाइल नवऱ्यापुढे धरला.

"अगं, मी कॉलवर होतो," वासुदेव म्हणाला. "सगळे करत होते तेच केलं."

उल्काला भयंकर राग आला. पुण्याहून इथं आल्यावर या कोरड्या जागेत तिला आपलं वाटेल असं काही नव्हतं. एकेक फांदी लावून तिनं ते उभं केलं होतं. तिनं साप पकडणाऱ्या शिवलीलाला फोन केला, खुर्ची आणली, बसली आणि टबावर पाय ठेवला.

"साप पकडणारी येईपर्यंत एका कुंडीला हात लावून दाखवा."

के. आर. पुरमहून ट्रॅफिकमधून शिवलीला पोचेपर्यंत सगळा मजला पॅसेजमध्ये जमला होता. तिनं काठी सरसावली आणि टब अलगद उचलला. खाली साप नव्हता. पावसाचं पाणी जायचं भोक होतं.

"हा पाइप कुठे जातो?" वासुदेवनं विचारलं.

"सगळ्यांच्या बाल्कनीत," महांतेश सहज बोलून गेला, आणि मग त्याचा चेहरा पडला.

शिवलीलानं फोटो पाहिला. यावरून हा साप आहे की कमरेचा पट्टा तेही सांगता येणार नाही, असं ती कन्नडमध्ये म्हणाली. जवळून कुणी पाहिलाय? सगळे उल्काकडे वळले.

"अक्का," महांतेशचा आवाज मऊ झाला. "कवड्याच हुता न्हवं? पट्टे मानेपास्नंच हुते. तुम्हीच म्हटलासा."

"सांग ना गं," वासुदेव म्हणाला.

उल्कानं खुर्ची मिटली. "माझं एकटीचं काय धरता? बहुमत मण्यार म्हणतंय, म्हणजे मण्यारच. टेम्पो कधी येतोय? परत कुंड्यांत शिरली असेल, तेव्हा जरा जपून हात घाला."

कुणी पुढे झालं नाही. 'कुंड्या तूर्त जागेवरच राहतील' असा मेसेज महांतेशनं तिथंच उभं राहून टाकला, आणि सगळे बाल्कनीतल्या भोकांत बोळे कोंबायला धावले.

पॅसेज रिकामा झाल्यावर उल्का पुदिन्याच्या दाट कुंडीपाशी बसली. वासुदेव तीच खुर्ची पुन्हा उघडून, पाय वर घेऊन बघत बसला होता. तिनं कोपरापर्यंत उघडा हात आत घातला आणि निवांतपणे चटणीपुरता पुदिना खुडला.