शिरा-टॉनिक

गलगली सर भेटले की "कसे आहात" असं कधी विचारायचे नाहीत. चष्म्यावरून रोखून बघायचे आणि म्हणायचे, "आज सिरोटोनिन जरा कमी दिसतंय तुमचं." मग खिशातून मूठभर शेंगदाणे काढून आपल्या हातावर ठेवायचे.

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. सर सोलापुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. शेंगदाण्यात एक अमिनो आम्ल असतं, शरीर त्याचं सिरोटोनिन करतं आणि मेंदूत ते पुरेसं असलं की माणूस खुलतो, हे आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं. कुणाचा मुलगा नापास होवो नाहीतर सासू-सून भांडोत, सरांचं निदान एकच. आम्ही त्यांची चेष्टा भरपूर केली, पण शेंगदाणे कधी सोडले नाहीत. आपली विद्वत्ता अशी खिशातून वाटत फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शब्द चुकलेला मात्र त्यांना खपायचा नाही. कुणी "सेरोटॉनिक" म्हणालं, की भर रस्त्यात थांबवून "सि-रो-टो-निन" असं घोकून घ्यायचे.

घरात मात्र त्यांचं औषध लागू पडत नव्हतं. एकुलती एक लेक तापानं गेली, तेव्हापासून वहिनी हसणंच विसरल्या होत्या. सर रोज स्वतः खलबत्त्यात शेंगाचटणी कुटायचे, भाकरीसोबत त्यांच्या पुढ्यात ठेवायचे आणि समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. वहिनी निमूट जेवायच्या आणि उठायच्या.

आमच्या शेजारी वळसंगच्या पारूबाई राहायच्या. वहिनींना नेमकं काय कमी पडतंय, ते सरांनी त्यांना एकदा नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी बाई पितळी डबा घेऊन सरांच्या दारात हजर. मीही तिथंच बसलो होतो.

"सर, तुमचं त्ये शिरा-टानिक आणलंय. तूप लई घातलंय की. वैनीला गरम हाय तवर द्या."

सरांनी सवयीनं बोट वर केलं. "शिरा नव्हे हो. सि-रो..."

"त्येच की, शिरा. नुसतं दाणं खाऊन मानूस हसतंय व्हय कुटं?"

आतून आवाज आला. मला वाटलं, वहिनींना ठसका लागला. बघतो तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना. सरांचं बोट तसंच वर राहिलं होतं.

पुढं गल्लीत कुणी बिनचूक "सिरोटोनिन" म्हणालं, की सर त्याला दारातच अडवायचे आणि आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "चुकलं. शिरा-टॉनिक म्हणा."