आधी वाचा, मग मान्य करा

"आपल्या घरात कोण शिरणार, हे ठरवायचा हक्क माणसाने सोडला, की त्या दिवशी संस्कृती संपली असं खुशाल समजा!" तराजूकाकांनी सोमवारी सकाळी दहा वाजता दिवाणखान्यात जाहीर केले आणि वर्तमानपत्राची घडी टीपॉयवर आपटली.

"रिमोटवर बसलायत तुम्ही," काकू म्हणाल्या.

तराजूकाका उठले. त्यांच्या वजनाने टीव्हीचा आवाज शून्यावर गेला होता आणि पडद्यावरची एक बाई मघापासून मुक्यानेच हंबरडा फोडत होती. काकूंनी रिमोट त्यांच्या हातात दिला, मटारच्या शेंगांची परडी उचलली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. संस्कृतीचे काय करायचे, हा प्रश्न एकट्या तराजूकाकांवर येऊन पडला.

तराजूकाका हे त्यांचे खरे नाव नव्हे. एकतीस वर्षे ते वजनमापे निरीक्षक होते. ते बाजाराच्या टोकाला दिसले, की दुसऱ्या टोकापर्यंतचे सगळे काटे आपोआप सरळ होत. न वाचलेल्या कागदावर या माणसाने आयुष्यात कधी सही केली नव्हती. स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीच्या वेळी ते अर्जाच्या मागची सूचना वाचत बसले, तेव्हा मागच्या दोन जोडप्यांनी आपला नंबर पुढे घेतला होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरले नाही, एवढेच त्यांचे दुःख होते.

आजच्या बातमीने ते दूर केले. टीव्हीच्या मागे काड्यापेटीएवढी एक काळी डबी लावलेली असे. लेकीने ती वर्षापूर्वी आणली होती आणि घरातल्या साऱ्या मालिका, सामने, सिनेमे तिच्यातूनच येत. ती डबी बनवणारी कंपनी एका बड्या माध्यम कंपनीने विकत घेतली होती.

"कळतंय का तुला?" त्यांनी ऑफिसला निघालेल्या लेकीला दारात गाठले. "मालिका काढणारे तेच, चॅनेल त्यांचंच आणि आता दाखवणारी डबीही त्यांचीच! अगं, दुकानदाराने तराजूचा कारखाना विकत घेतलाय! उद्या किलो किती ग्रॅमचा, हे तो ठरवणार!"

"बाबा, माझी बस ठरलेली आहे," लेक म्हणाली आणि गेली.

तराजूकाका परत वळले, तो पडद्यावरची रडणारी बाई नाहीशी झाली होती. तिच्या जागी निळ्या रंगावर पांढरी अक्षरे होती : 'आनंदाची बातमी! आपले कुटुंब आता मोठे झाले आहे.' खाली दोन चौकोन होते. एकात लिहिले होते 'मान्य आहे'. दुसऱ्यात लिहिले होते 'आधी वाचा, मग मान्य करा'.

तराजूकाकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. 'अमान्य' हा चौकोन कुठेच नव्हता. एकतीस वर्षांत त्यांनी खोटी वजने पाहिली होती, पोकळ वजने पाहिली होती, तळाला चिंच चिकटवलेले पारडे पाहिले होते. पण एकच पारडे असलेला तराजू त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना धाप लागली. ती ओसरल्यावर त्यांनी दुसरा चौकोन दाबला.

नियम व अटी दोन हजार तीनशे अठरा ओळींच्या होत्या. बाणाचे बटण एकदा दाबले, की एक ओळ पुढे सरके.

"अगं, ऐकलंस का!" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "हे सगळं वाचून होईपर्यंत टीव्हीला कोणी हात लावायचा नाही!"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले, की हा काकूंच्या मालिकेचा शेवटचा आठवडा होता. सहा वर्षे त्या ती मालिका पाहत होत्या. आता भडका उडणार म्हणून तराजूकाका सोफ्याची पाठ धरून उभे राहिले.

"वाचा हो," आतून आवाज आला. "सावकाश वाचा. घाई नाही."

तराजूकाकांना भरून आले. तत्त्वासाठी एवढा त्याग करणारी बायको आपल्याला लाभली आणि आपल्याला पत्ताही नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी वही काढली, समास आखला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली.

संध्याकाळी पाच वाजता तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी काकूंच्या झंपराचे माप घ्यायला आल्या आणि तिथेच अडकल्या.

"'कंपनी' या शब्दात," तराजूकाका वाचत होते, "'मूळ कंपनी, तिची मातृसंस्था, मातृसंस्थेची मातृसंस्था, सर्व भगिनीसंस्था आणि भविष्यात जन्माला येणाऱ्या सर्व संस्था यांचा समावेश होतो.'"

"अगं बाई!" मावशींनी टेप गळ्यात टाकली आणि त्या खाली बसल्या. "एवढा गोतावळा? सासरचे कोण यात?"

"ते पुढे येईल कदाचित."

"मग थांबते."

मंगळवारी मावशी तुरपाईचे गाऊन घेऊनच आल्या. सोबत वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. आपला दवाखाना चालत नाही हे कबूल करण्यापेक्षा ते 'आज संध्याकाळ मोकळी ठेवलीय' असे म्हणत. तीनशे चाळिसाव्या ओळीला त्यांचा चेहरा उतरला.

"'आपण काय पाहता, किती वेळ पाहता, कुठे थांबवता आणि कुठे मागे नेऊन पुन्हा पाहता, याची नोंद कंपनी ठेवू शकते.'"

"मागे नेलेलंही?" डॉक्टरांनी विचारले.

"मागे नेलेलंही."

"म्हणजे किती वेळा नेलं, तेही?"

शिवणवाल्या मावशींची सुई थांबली. सगळे डॉक्टरांकडे पाहू लागले.

"एक झेल होता," डॉक्टर म्हणाले. "सीमारेषेवरचा. फार चांगला घेतला होता."

"आम्ही काही विचारलंच नाही," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा टाका घातला.

खरा हाहाकार सातशे दोनाव्या ओळीला झाला. रिमोटमध्ये बोलून शोधायचे जे बटण असते, त्यातून 'सेवेच्या दर्जासाठी' आवाज टिपला जाऊ शकतो, असे तिथे लिहिले होते. चौघांच्याही तोंडचे पाणी पळाले. रिमोट टीपॉयवर उताणा पडला होता. तासभर तो सगळे ऐकत होता! तराजूकाकांनी कोपऱ्यातला आपला लोकरीचा मोजा उचलला, मागून दबकत जाऊन रिमोट त्यात पकडला आणि वर गाठ मारली.

"आता बोला," ते कुजबुजले.

"काय बोलू?" डॉक्टर कुजबुजले.

"तुम्ही मघाशी कंपनीच्या मालकाला मूर्ख म्हणालात," काकू डॉक्टरांना हळूच म्हणाल्या. "ते गेलं का आत?"

डॉक्टरांनी मोज्यापाशी वाकून स्पष्ट आवाजात सांगितले, "मी मालकांना उद्देशून नव्हतो बोललो."

मोज्यातून बटण दाबायचे, तर कुठले बटण कुठे, ते कळेना. तराजूकाकांनी अंदाजाने अंगठा दाबला. पडद्यावर पुन्हा पहिली ओळ आली : 'आनंदाची बातमी!' मावशींनी मान खाली घातली. बुधवारी दुपारी तराजूकाकांनी एकट्याने सातशे दोन वेळा बाण दाबला आणि त्यांच्या अंगठ्याला काकूंनी हळद लावून चिंधी बांधली.

बुधवारी संध्याकाळी जिन्यातही माणसे बसली होती. कोणी घरून खुर्ची आणली होती. लेक ऑफिसातून आली, तर तिला स्वतःच्या घरात शिरायला वाट मिळेना.

"बाबा, हे काय चाललंय? अहो, जगात कोणीच हे वाचत नाही!"

"म्हणूनच जगाची ही गत झालीय," तराजूकाका म्हणाले. आज त्यांनी दाढी केली होती आणि कपाटातला ऑफिसचा पांढरा शर्ट घातला होता. "बस तिथे. ऐक. 'पडद्यासमोर सलग पंधरा मिनिटांहून अधिक काळ असणारी कोणतीही व्यक्ती त्या घरातील कुटुंबसदस्य समजली जाईल व तिला या सर्व अटी लागू राहतील.'"

डॉक्टर ताडकन उठले.

"किती झाली?"

"पंचवीस तरी," मावशी म्हणाल्या. "कालचा तास सोडून."

"पण मी तुमचा कोणीच नाही!" डॉक्टर तराजूकाकांना म्हणाले, आणि ते ऐकताना दोघांनाही थोडे वाईट वाटले.

तोडगा डॉक्टरांनीच काढला. कवळीचा साचा सुकायला लावतात, ते वेळेचे घड्याळ त्यांनी वरून आणले आणि चौदा मिनिटांवर लावले. दर चौदा मिनिटांनी ते किणकिणे. मग सगळी मंडळी उठून शिस्तीत जिन्यात जात, अर्धा मिनिट भिंतीकडे तोंड करून उभी राहत आणि परकी होऊन परत येत. समोरच्या इमारतीतून एकाने हे तीनदा पाहिले आणि आपल्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

वाचन मात्र पुढे सरकत होते. शोधायला गेलात, तर मालकांच्या मालिका आधी दिसतील, बाकीच्या मागाहून. मालकांना वाटले, तर दुसऱ्यांचे चॅनेल डबीतून काढता येईल. जाहिराती पुढे नेता येतीलच असे नाही. प्रत्येक कलमाला तराजूकाका थांबत, वहीत हरकत लिहीत आणि म्हणत, "मारलं पारड्याला बोट!" आणि जिन्यापर्यंत हळहळ पसरे. त्यांची हरकतींची यादी एकसष्टवर गेली होती. शेवटची ओळ वाचून झाली, की ही यादी रजिस्टर पोस्टाने कंपनीला पाठवायची आणि 'आम्ही मान्यता दिलेली नाही' असे ठणकावून सांगायचे, असे ठरले होते. एकतीस वर्षांचा नेम त्या एका वाक्यावर उभा होता.

"तुझी मालिका बुडाली," त्या रात्री जेवताना ते काकूंना म्हणाले. "मला कळतंय गं ते."

"असू दे हो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

गुरुवारी पाच वाजून चाळीस मिनिटांनी दोन हजार तीनशे सोळावी ओळ आली. मावशींनी सुई उशीत टोचून ठेवली. डॉक्टरांनी घड्याळ हातात धरले. तराजूकाकांनी घसा साफ केला आणि चिंधी बांधलेल्या अंगठ्याने बाण दाबला.

"'वरील सर्व अटी,'" त्यांनी वाचले, "'या खात्याने संपूर्णपणे मान्य केल्या आहेत.'"

"कोणी?" डॉक्टर म्हणाले.

तराजूकाकांनी पुन्हा बाण दाबला. "'मान्यतेची वेळ : सोमवार, सकाळी दहा वाजून नऊ मिनिटे. उपकरण : किचन. धन्यवाद.'"

जिन्यातून कोणीतरी विचारले, "काय झालं? काय झालं?" लेकीने छताकडे पाहिले.

"आईच्या मोबाईलला मीच ते नाव दिलंय," ती पुटपुटली. "खातं एकच आहे ना सगळ्यांचं."

सगळ्या माना काकूंकडे वळल्या. काकू दारात उभ्या होत्या.

"मटार सोलत होते," काकू म्हणाल्या. "मालिका चालू होती मोबाईलवर. मधेच ते निळं काहीतरी आलं. दाबलं."

"न वाचता?"

"चष्मा बाहेर होता."

"अगं, एकतीस वर्षं मी..."

"ती तुमची. मी कुठे निरीक्षक होते?"

तराजूकाका खाली बसले. डोळे पांढरे झाले होते. "म्हणजे मालिका तू..."

"काल दुपारी संपली."

"शेवट काय झाला?" शिवणवाल्या मावशींना राहवले नाही.

"सोडलं तिने त्याला."

"बरं केलं!"

"अगं पण मला सांगायचंस!" तराजूकाका जवळजवळ रडकुंडीला आले. "चार दिवस मी घसा फोडतोय! सोमवारी दुपारीच का नाही सांगितलंस?"

काकूंनी पदराचे टोक उगीचच सारखे केले.

"सांगायलाच आले होते बाहेर," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही समास आखत होता. दोन वर्षांनी पट्टी काढली होतीत. मग नाही सांगितलं."

डॉक्टरांच्या हातातले घड्याळ किणकिणले, पण कोणी जागचे उठले नाही. आता परके होऊन काही उपयोग नव्हता.

तराजूकाकांनी वही मिटली. एकसष्ट हरकती आत मिटल्या गेल्या. मग ते उठले, छाती पुढे काढून उभे राहिले आणि दिवाणखान्यापासून जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झालं! संपलं! माझ्या घरातच माझा पराभव झालाय. आजपासून हा माणूस कुठल्याही कागदावरचं एक अक्षरसुद्धा वाचणार नाही!"

शिवणवाल्या मावशींनी तुरपलेला अकरावा गाऊन घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्या जराशा संकोचाने पुढे सरकल्या.

"असं नका ना म्हणू, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्या शिलाई मशीनचं माहितीपुस्तक आहे. एकशे बारा पानं, कोणी उघडलंसुद्धा नाही. उद्या पाचला घेऊन येऊ का?"