चण्यांना धुराचा वास

ग्रीसच्या एका बेटावरच्या काटो पिगाडी गावात रविवारच्या जेवणाला घरोघरी काबुली चणे असतात. शनिवारी संध्याकाळी कांदा, तमालपत्र आणि ऑलिव्हचं तेल घातलेली मडकी टेकडीवरच्या गावभट्टीत ठेवायची आणि रविवारी चर्चहून परतताना घरी न्यायची, ही बेटाची रीत. आर्गिरोबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि ती मोडली. थेसालोनिकी शहरात राहणाऱ्या लेकीने पाठवलेल्या स्लो कुकरमध्ये त्यांनी चणे लावले, बटण दाबलं आणि पाय वर घेऊन बसल्या.

परंपरा संरक्षण समितीला याचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. अध्यक्ष थेओदोसिस जातीने दारात आले.

"काकू, तुमचं मडकं भट्टीवर आलं नाही."

"गुडघे चढू देत नाहीत रे. पण चणे शिजलेत बघ, लोण्यासारखे. वाटीभर देऊ?"

"प्रश्न शिजण्याचा नाही, काकू. पद्धतीचा आहे."

वाटीभर चणे खाऊन त्यांनी कुकर पुढील चौकशीसाठी ताब्यात घेतला.

शिजवून पाहिल्याशिवाय चौकशी कशी व्हायची? म्हणून कुकर आधी अध्यक्षांच्याच घरी गेला. त्यांच्या पत्नी एव्दोकिया यांनी त्यात चणे लावले, मग लिंबू घालून बकऱ्याचं मटण, मग कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा. निष्कर्ष निघेना. इतर सभासदांनीही एकेक आठवडा आपापल्या घरी चौकशी केली. चौकशीची गोडी अशी लागली की पुढे प्रत्येकाने स्वतंत्र चौकशीसाठी स्वतंत्र कुकर मागवला, आणि समितीच्या घरांत चाललंय म्हटल्यावर गावानेही मागवला. आर्गिरोबाईंचा कुकर तेवढा परत द्यायचा राहिला, कारण त्यांच्यावरचा ठपका अजून कायम होता.

परंपरेला मात्र धक्का लागला नाही. दर शनिवारी प्रत्येक घराने भट्टीत मडकं ठेवलंच पाहिजे, असा ठराव झाला. मडक्यात काय असावं याबद्दल ठराव मौन होता. लोक रिकामी मडकी घेऊन टेकडी चढू लागले. चढताना दम लागल्यासारखं दाखवावं लागे, तेवढाच काय तो त्रास. भट्टीवाला इमानेइतबारे लाकडं जाळी आणि रविवारी गरमागरम रिकामी मडकी ज्याची त्याला देई.

आर्गिरोबाई प्रत्येक वळणावर टेकत, कण्हत वर जायच्या.

"तुझं मडकं एवढं जड कसं गं?" शेजारणीने विचारलं.

"चणे आहेत."

"आत?" शेजारीण दोन पावलं मागे सरली.

गावच्या जत्रेत अस्सल घरगुती चण्यांची स्पर्धा होती. कुकरमधले चणे मडक्यांत ओतून सगळे हजर झाले. परीक्षक बाई अथेन्सहून आल्या होत्या. प्रत्येक मडक्यातले चणे चाखून त्या डोळे मिटत आणि म्हणत, "अगदी आजीच्या हातची चव." आर्गिरोबाईंच्या मडक्याशी मात्र त्या थबकल्या.

"याला धुराचा वास येतोय. कडेला करपलंयसुद्धा. ही काहीतरी नवीन पद्धत दिसते."

थेओदोसिस शरमेने लाल झाले. "काकू, खरं सांगा, कुठलं मशीन वापरलंत?"

"माझं मशीन तर तूच नेलंस. भट्टीत ठेवले होते."

"भट्टीत? भट्टी परंपरेसाठी आहे, काकू. स्वयंपाकासाठी नाही."

आर्गिरोबाई स्पर्धेतून बाद झाल्या. चर्चच्या पायरीवर बसून त्यांनी ते चणे पावाने पुसून खाल्ले. चव थेट आईच्या हातची होती. आई जन्मभर चुकीचं रांधत होती की काय, अशी शंका त्यांना क्षणभर चाटून गेली.

समितीने शिक्षा सौम्य दिली. आर्गिरोबाईंनी एव्दोकियाबाईंच्या पारंपरिक स्वयंपाक वर्गाला बसायचं. त्या गेल्या. वर्गात खुर्च्या होत्या, गुडघ्यांना बरं वाटलं. बटण दाबायचं आणि मधेच झाकण उघडायचं नाही, हे त्या नव्याने शिकल्या आणि पहिल्या आल्या.

यात हसण्यासारखं काय आहे, ते समितीला अजून कळलेलं नाही. तुम्हाला हसू आलं असेल, तर एकच सांगा: 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी वाचून आत शिरलात, तेव्हा ते कुणाच्या घरचं, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलंत?