कुंदाआत्या आणि मेलेल्या बाईची खिंड

“हिला उत्तर कोण देतंय?”

माझ्या पाठीमागे एका उंच डच माणसाने आपल्या इंग्रज बायकोला हे इंग्रजीत विचारलं. आवाज दबका, पेशंटच्या खोलीबाहेर लावतात तसा. आम्ही पेरू देशात, इंका लोकांच्या जुन्या दगडी वाटेच्या तोंडाशी उभे होतो. पुढचे काही दिवस डोंगरातून चालायचं, वाटेत त्यांची पडकी गावं बघायची आणि शेवटी माचू पिक्चूला पोचायचं, असा बेत होता. समोर माझी कुंदाआत्या डोंगराकडे तोंड करून, हात जोडून उभी होती.

“बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा तुझ्या दारात इली हत, तेंच्या गुडघ्यांक बळ दी रे म्हाराजा!” हे ती तिच्या नेहमीच्या बारीक, खणखणीत आवाजात म्हणाली. मग हनुवटी छातीला टेकवून, जाड पुरुषी आवाजात तिने स्वतःलाच उत्तर दिलं, “व्हय म्हाराजा!”

डच माणसाची शंका रास्त होती. आवाज दोन होते आणि बाई एकच. मी खाली वाकले आणि नीट बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. संकटात मी नेहमी हेच करते.

आमच्या सिंधुदुर्गात गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. लग्न असो, नवी होडी असो, देवळात नारळ-विडा ठेवून मानकरी देवाला मोठ्याने सगळं सांगतो, मागतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक मागणीला एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमच्या गावात, धामापूरच्या पुढे, हा मान आत्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा होता. लहानपणी आत्या त्यांच्या धोतराला धरून उभी राहायची आणि सगळ्यांच्या आधी ‘व्हय’ म्हणायची. आजोबा गेले आणि मान चुलतघरातल्या दाजीकाकांकडे गेला. दाजीकाका माणूस चांगला, पण अर्ध्यात विसरतात. एकदा ते अडले तेव्हा आत्याने मागून पुढचं सगळं सांगून टाकलं, तेही त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात. मग कोणीतरी म्हणालं, “गो कुंदा, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता. गप रव.”

देवळात ती गप्प राहिली. बाकी जगाला मात्र तिने सोडलं नाही. कुकर लावताना गाऱ्हाणं. मिक्सर बिघडला, गाऱ्हाणं. इंटरनेट गेलं की माझ्या राउटरपुढे गाऱ्हाणं, आणि सांगायला संकोच वाटतो, पण ते चालू होतं. घरात ती एकटी, त्यामुळे ‘व्हय म्हाराजा’सुद्धा तिलाच म्हणावं लागतं. तो जाड आवाज आजोबांच्या वेळच्या मंडळींचा आहे, असं ती सांगते.

आत्या आयुष्यभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होती. लग्न का केलं नाहीस म्हणून विचारलं तर म्हणते, “गाडी चुकली. दुसरी इली ती फुल्ल होती.” निवृत्त झाल्यावर कुठल्याशा दुकानाच्या कॅलेंडरवर तिला माचू पिक्चूचं चित्र दिसलं. चित्रातल्या देवळांकडे आणि डोंगरांकडे तिने पाहिलंही नाही. पाहिला तो गडगा. गडगा म्हणजे आमच्याकडे बागेभोवती असतो तो दगडावर दगड रचलेला बांध. आत्याच्या काजूच्या बागेचा दर पावसाळ्यात ढासळतो.

“चुनो नाय, शिमीट नाय, आणि इतकी वर्सा उभो!” ती म्हणाली. “माका ह्यो गडगो बघूचो आसा.”

“त्यापेक्षा काशीक जा,” शेजारणीने सुचवलं.

“काशीक लोक मराक जातत. माका अजून चलाचा आसा.”

मला न्यायचं कारण तिने एका वाक्यात सांगितलं. “इंग्रजी तुझा, पाय माझे.” मी मालवणात घरी बसून एका कंपनीचं काम करते. मीटिंगला कॅमेरा बंद, माइक बंद. माझे काही सहकारी मला अजून पुरुष समजतात आणि मी ते दुरुस्त केलेलं नाही. अशा मुलीला दुभाषी म्हणून नेणं हे आत्यालाच सुचू शकतं.

दुभाष्याची पहिली परीक्षा पेरूच्या विमानतळावरच झाली. आत्याने बॅगेत नारळ आणला होता. आपल्या झाडाचा, शेंडीसकट. अधिकाऱ्याने तो दोन बोटांनी उचलून जप्त मालाच्या टोपलीत टाकला. आत्याने तिथेच, रांगेत, हात जोडले. “बा म्हाराजा, ह्या मेल्याक बरी बुद्धी दी आणि माझो नारळ ह्येका पचू नको रे म्हाराजा! व्हय म्हाराजा!” अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ती तुमचे आभार मानते आहे.” त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

आम्ही माचू पिक्चूला पोचलो, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. वाटेच्या शेवटी असलेल्या दगडी सूर्यदरवाजातून ते सगळं शहर खाली उन्हात दिसलं, तेव्हा लोक रडले, एकमेकांना मिठ्या मारल्या. आत्या पहिल्या भिंतीपाशी गेली, दोन दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिलं, ते गेलं नाही, आणि तिचा चेहरा असा फुलला, जणू तो गडगा तिनेच घातला होता. “दाजीक फोटो पाठव,” एवढंच म्हणाली. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, खिंडीतलं.

आमचा गाइड एफ्राईन, तिथल्याच डोंगरातल्या गावचा तरुण. पहिल्या दिवशी त्याने कोका नावाच्या झुडपाची तीन पानं बोटांत धरली, त्यांवर फुंकर घातली, डोंगराशी काही पुटपुटला आणि पानं दगडाखाली ठेवली. आत्याने मला कोपराने ढोसलं. “विडो ठेवल्यान बघ! ह्यो आमचोच मनीस.” तेव्हापासून ती त्याच्या मागोमाग चालू लागली. बाकीच्यांवर तिने कंडक्टरकी सुरू केली. मुक्कामावरून निघताना “डबल बेल!” आणि अरुंद पायऱ्यांवर कोणी फोटोला थांबलं की, “ए लांबड्या, फुडे सर!” लांबड्या म्हणजे तो डच, यान. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण तो लगेच पुढे सरायचा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तंबूबाहेर चहा पिताना एफ्राईनने सांगितलं की उद्याची खिंड सगळ्यांत उंच. तिचं नाव मेलेल्या बाईची खिंड.

“मगे आपण जितीच जावया,” आत्या म्हणाली. मग कप हातात फिरवत तिने मला सांगितलं, “बायो, तेका इचार, वर माका गाऱ्हाणा घालूक गावतला काय? पुरा. मोठ्यान. अर्ध्यार गप रव म्हणणारो थंय कोण नाय मा?”

मी विचारलं. एफ्राईन म्हणाला, त्यात विचारायचं काय, त्याच्या गावात म्हातारी माणसं डोंगराशी बोलतातच.

“आणि उत्तर कोण देता?”

“डोंगर,” तो म्हणाला.

मी भाषांतर केल्यावर आत्या हसली, पण थोडंसंच. “डोंगर खंयचो देता? माणूस व्हया,” ती कपाकडे बघत म्हणाली. विषय समजला नाही असं दाखवून मी रात्रीच्या सूपबद्दल काहीतरी बोलले.

दुसऱ्या दिवशी चढ संपेचना. हवा इतकी विरळ की श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटत नव्हता. आत्या गालात आमसूल धरून पायरी पायरी चढत होती. गाऱ्हाणी बंद. हाका बंद. तिला इतकं गप्प मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला भीती वाटली. एका वळणावर एफ्राईनने तिच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला आणि मला बाजूला घेतलं. “अजून चालेल. पण हिचे ओठ निळे दिसले तर मी हिला खाली नेणार. तिला सांग.”

मी सांगितलं. आत्या काठीवर रेलून श्वास गोळा करत राहिली.

“तेका सांग... गाडी घाटात बंद पडली... तरी कंडक्टर गाडी सोडना नाय. पॅसेंजर उतरतत... आणि ढकलतत.”

मी हे इंग्रजीत म्हटलं. एफ्राईन काही बोलायच्या आत यान मागून आला, आपला रुंद पंजा आत्याच्या पाठीवरच्या सॅकला लावला आणि हळूच ढकलू लागला. एफ्राईन मोठ्याने हसला आणि पुढून त्याने हात दिला. यानच्या बायकोने काठी घेतली. अशी ती बंद पडलेली गाडी, थांबत, खोकत, मेलेल्या बाईच्या खिंडीत जाऊन उभी राहिली. ओठ निळे पडले नाहीत, शेवटपर्यंत आमसुलाने लालच होते.

वर वारा होता आणि दगडांची एक छोटी रास. खाली दोन्हीकडे ढग. सगळे टाळ्या वाजवत होते. आत्याने बूट काढले, मोजे काढले, माझ्या हातात दिले आणि त्या थंड दगडांवर अनवाणी उभी राहिली. एफ्राईनने तिला तीन पानं दिली. ती तिने राशीखाली विड्यासारखी ठेवली आणि हात जोडले. टाळ्या थांबल्या.

“बा देवा म्हाराजा! हयसरच्या डोंगराच्या मालका! तुझा नाव माका म्हायत नाय, पण माझा तुका म्हायत आसतला. ह्या सगळ्या लेकरांक सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!”

हनुवटी खाली. “व्हय म्हाराजा!”

“ह्या पोरग्यान माका हात दिल्यान, ह्या लांबड्यान माका ढकलल्यान, तेंच्या घरात काय उणा पडू नको रे म्हाराजा!”

“व्हय... म्हाराजा.” जाड आवाज फाटला. तिला खोकला आला. एफ्राईन पुढे झाला, तिने हातानेच त्याला थांबवलं.

“आमच्या दाजीक सगळ्या देवांची नावा याद रवांदे. आणि ह्या माझ्या भावाचा चेडू, लय हुशार, पण आवाज पोटात घेवन बसला हा. तो भायर काढ. आणि म्हाराजा...” ती थांबली. मला वाटलं संपलं. “दोन दोन आवाज काढून माझो घसो दमलो. माझ्या घरात व्हय म्हणूक एक माणूस दी रे म्हाराजा!”

तिने हनुवटी छातीला टेकवली. तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली. ती तशीच, मान खाली घालून, जोडलेल्या हातांनी उभी राहिली.

यानने आधी डोंगराकडे पाहिलं, मग एफ्राईनकडे, मग माझ्याकडे. माझे दोन्ही हात आत्याच्या बुटांत गुंतलेले होते. नाडी बांधायची सोय नव्हती. मी तोंड उघडलं.

“व्हय म्हाराजा!”