राजपुत्राचं स्वच्छतागृह

वॉटलब्रूक गावच्या चर्चचं राजघराण्याशी नातं आहे, आणि बाब गंभीर असल्याने ती गंभीरपणेच सांगितली पाहिजे. फार वर्षांपूर्वी एक राजपुत्र दौऱ्यावर असताना तिथे थांबले आणि त्यांनी चर्चच्या एकुलत्या एक स्वच्छतागृहाचा लाभ घेतला. तेव्हापासून त्या दाराला कुलूप होतं आणि वर पितळी पाटी. गावकरी प्रार्थनेला येताना घरूनच ‘जाऊन’ येत.

मयूराला हे ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. ती राहायची त्या टार्निट उपनगरात हॉल मिळेना, म्हणून तिने शनिवारची मराठी शाळा या चर्चच्या हॉलमध्ये आणली. पोरं बाराखडीपर्यंत कशीबशी तग धरायची, पुढे पाय आवळून उभी. काही पालकांनी नावं काढून घेतली. शाळा बंद पडायची चिन्हं दिसू लागली, तशी बाई हट्टाला पेटली.

तिने किल्ली मागितली. चर्चच्या समितीने ‘नो वरीज’ म्हणत उपसमिती नेमली. उपसमितीच्या ध्यानात आलं, की राजपुत्र तिथवर पॅसेजमधूनच चालत गेले असणार; सबब पॅसेज बंद. पॅसेजची वाट हॉलमधून, सबब हॉलही बंद. मग चर्चच्या मुख्य दारालाच दोर लागला. पाद्रीबुवा हिरवळीवर प्रार्थना घेऊ लागले आणि मराठी शाळा कार पार्कमध्ये गमभन गिरवू लागली.

मयूरा तडक समितीचे अध्यक्ष हॅरल्ड यांच्या घरी गेली. म्हातारा भला माणूस. त्याने चहा दिला आणि उठून खिडकी लावून घेतली.

“राजपुत्र आत गेलेच नव्हते,” तो म्हणाला. “दार वाजवलं, थांबले, निघून गेले. आतून कडी होती.”

“आत कोण होतं?”

“मी. राजपुत्र येणार म्हणून पोट बिघडलं होतं.”

समितीने तातडीने ठराव केला. ‘इथे राजपुत्र जाता जाता राहिले’ अशी नवी पाटी लागली, आणि आत केवळ हॅरल्ड बसले असल्याने कुलूप निघालं. शाळा वाचली. पोरं पहिल्यांदाच मराठीच्या तासाला उड्या मारत गेली.

मयूरा गड जिंकल्याच्या थाटात घरी परतली. तिचा मुलगा कुशल गाडीतून उतरला तो थेट खालच्या बाथरूमकडे धावला. तिने त्याची कॉलर धरली.

“तिथे नाही, वर जा. ते पाहुण्यांचं आहे.”

आत घडी न मोडलेले टॉवेल होते, शंखाच्या आकाराचे साबण होते. घर घेतल्यापासून कुणी त्यांना हात लावला नव्हता.

“हू इज कमिंग, मम?” पाय आवळून कुशलने विचारलं.

मयूराने बाथरूमचं दार ओढून घेतलं. उत्तर तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा; फक्त आधी स्वतःच्या घरातले ते टॉवेल वापरून या.